दोरा बांधलेली बाटली

लहान पोराच्या डोळ्याचं प्रेशर मोजणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. मोठ्या माणसाला हनुवटी टेकवा म्हटलं की तो मुकाट टेकवतो. पोर आधी आईच्या ओढणीत तोंड खुपसतं, मग लाथा झाडतं आणि मग सगळा दवाखाना डोक्यावर घेतं. बरं, रडलं की प्रेशर चढतं. डोळे गच्च मिटले की चढतं, श्वास कोंडून धरला की चढतं, शाळेच्या शर्टाची वरची गुंडी गळ्याशी आवळलेली असली तरी चढतं. पापणी उघडी धरणाऱ्याचं बोट चुकून डोळ्यावर दाबलं गेलं तर आकडा उगाच फुगतो आणि धडधाकट पोराच्या आईबापाची झोप उडते. अकोल्यात जठारपेठेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात हे काम गेली अठरा वर्षं कौशल्या करत होती, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तिच्याकडचं यंत्र मुठीत मावणारं होतं. त्याच्या टोकाची बारीक बोथट काडी डोळ्याला हलकेच टेकायची आणि मागे यायची, पोराला कळायचंही नाही. पण टेकेपर्यंत पोरानं हलू नये, ही खरी मेख. त्यावर कौशल्यानं एक युक्ती काढली होती. यंत्र पोरासमोर धरून ती कानात सांगितल्यासारखं बोलायची, "हे पाखरू हाये. तुह्या डोयात पानी प्याले येऊन राहिलं. तू हाललास तं भुर्रकन उडून जाईन." की पोर डोळे ताणून बसायचं. पाखरू तीनदा पाणी प्यायचं आणि कौशल्या आकडा लिहायची. रडणाऱ्या पोराचा आकडा तिनं जन्मात कधी लिहिला नाही. ती त्याला बाहेर व्हरांड्यात नेऊन बसवायची, हुंदके पुरते थांबले की मगच आत आणायची.

आकड्याच्या आधी कागदावर एक प्रश्न असायचा आणि तो ती प्रत्येक आईला न चुकता विचारायची. घरात कोणाला काचबिंदू आहे का? काचबिंदूत डोळ्यातलं प्रेशर वाढतं, त्यानं मागची शीर हळूहळू वाळते, आणि जेवढी नजर गेली तेवढी परत येत नाही. तिच्या वडिलांचं, नत्थुजींचं, तेच झालं होतं. वरूडकडच्या गावात संत्र्याचा बगीचा राखणारा हा माणूस बारा वर्षांपूर्वी मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसला, आणि निघाला काचबिंदू. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. म्हणून हा प्रश्न कौशल्याच्या तोंडात बसलेला होता. जगाला विचारायची. स्वतःच्या माहेरी तो विचारायचा राहून गेला, त्याचीच ही गोष्ट.

होळीच्या आधीच्या आठवड्यात तिचा धाकटा भाऊ बंडू बायकोला आणि पोरीला घेऊन दवाखान्यात आला. येताना अर्थातच संत्र्यांची पिशवी होती. थोरल्या बहिणीला तो बाई म्हणायचा. पिशवी टेबलावर ठेवत तो हसत म्हणाला, "बाई, तुह्या भाचीले चश्मा लागला पा. शायेतल्या मॅडम म्हन्ते, फयावरचं अर्धंच लिहिते. संत्र्याच्या ढिगाजवय बसवली, तं डाव्या अंगचे सडके तसेच सोडून देते. परवा म्या दोन रट्टे देल्ले, का बापा ध्यान कुठी हाये तुहं!"

"माराचं कायले?" कौशल्या म्हणाली, आणि आचलला जवळ ओढलं.

आचल नऊ वर्षांची. तिच्या बारशाला तिच्या कानात नाव कौशल्यानंच सांगितलं होतं, आत्याचा मान म्हणून. पोरगी अंगानं किडकिडीत, बोलायला चुरूचुरू, आणि आत्यावर जीव टाकणारी. पाखराची गोष्ट तिनं आत्याकडून नुसती ऐकलेली होती. खुर्चीवर बसल्या बसल्या ती म्हणाली, "आत्या, पाखरू काढ."

पाखरू उजव्या डोळ्यात पाणी प्यालं. चौतीस.

लहान पोराचा आकडा पंधरा-सोळाच्या आसपास असावा. विसाच्या वर गेला की कौशल्या सावध व्हायची. चौतीस पाहून ती स्वतःवरच चिडली. गुंडी पाहायची राहिली होती. तिनं आचलच्या फ्रॉकची मागची गुंडी काढली, खांदे सैल सोडायला लावले, आणि पुन्हा मोजलं. पस्तीस.

"श्वास सोड माय. पोट फुगवून नोको बसू."

"सोडला ना आत्या." चौतीस.

डावा डोळा. बेचाळीस. कौशल्याला वाटलं, आपलंच बोट दाबलं गेलं. तिनं पापणीचं बोट काढून घेतलं आणि पोरीला आपणच डोळा मोठा करायला सांगितलं. आचलनं केला. देवळातल्या नंदीसारखी मान स्थिर, हात मांडीवर, तोंडावर हसू. बेचाळीस. तिनं काडी बदलली. मग पोरीला दहा मिनिटं व्हरांड्यात बसवलं. काही पोरांच्या बुबुळावरचा पडदा जाड असतो, त्यानंही आकडा खोटा वाढतो, म्हणून दुसऱ्या यंत्रावर नेऊन तो मोजला. अगदी नेहमीसारखा निघाला. पुन्हा पाखरू आणलं. बेचाळीस.

अठरा वर्षं तिनं पोरांना गप्प करण्यात घालवली होती. त्या सकाळी पहिल्यांदा तिला वाटलं की या पोरीनं रडावं, लाथा झाडाव्यात, डोळे गच्च मिटून घ्यावेत. रडली असती तर त्या आकड्याला काहीतरी कारण मिळालं असतं. पण आचलसारखं शहाणं पोर त्या खुर्चीवर दुसरं बसलं नसेल.

"का होय बाई, लंबर जास्त हाये का?" पायलनं विचारलं. पायल बंडूची बायको, सरळ मनाची, कामाला वाघ.

"मॅडमले दाखवू," कौशल्या एवढंच म्हणाली.

डॉक्टर रमा मॅडमनी आचलच्या डोळ्यात दिवा टाकला आणि बराच वेळ त्या आतलं पाहत राहिल्या. मग मागे सरकून त्यांनी पायलला विचारलं, "हिच्या डोळ्यात काही औषध घालता का?"

"हो ना!" पायलचा चेहरा खुलला. शाळेत उत्तर येत असलेल्या पोरीसारखी ती पुढे सरसावली. "उन्हाळा लागला का तिचे डोये खाजते, लाल होते. बगीच्याची धूळ, फुलोरा, काय काय असते. पन बाईनं थेंब सांगतले तवापासून काईच तरास नाई. आता तं उन्हाळ्याची वाटच नाई पाहत आमी, बारा महिने घालतो. माहे सासरे, आबा, घालून देते. एक टाइम चुकू देत नाई."

तिनं पर्समधून एक छोटी बाटली काढली आणि तिच्यासोबत एक चिठ्ठी. चिठ्ठी फाटू नये म्हणून वरूडला लॅमिनेशन करून आणलेली होती. तीच दाखवून मेडिकलमधून दर वेळी नवी बाटली मिळायची. रमा मॅडमनी चिठ्ठी उजेडात धरली. औषधाचं नाव. खाली, दिवसातून तीन वेळा, आठ दिवस. त्याखाली आणखी एक ओळ होती. पुन्हा खाज आली की परत.

ते अक्षर रमा मॅडम रोज पन्नास कागदांवर पाहायच्या. त्यांनी एकदा कौशल्याकडे पाहिलं आणि चिठ्ठी उलटी करून टेबलावर ठेवली.

कौशल्याला सगळं आठवलं. चार वर्षांपूर्वीची अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. ती माहेरी गेलेली. आचल पाच वर्षांची, डोळे चोळून चोळून लाल केलेले. पायल म्हणाली होती, "बाई, तुमी डोयाच्या दवाखान्यात, अन आमी पोरीले घिऊन कुठी जाव?" माहेरच्या ओसरीवर, सगळ्यांच्या देखत. कौशल्या सुखावली होती. औषध लिहून द्यायचा तिला अधिकार नव्हता, पण माहेरवाशिणीला माहेरी अधिकार कोण विचारतो? तिनं वहीचा कागद फाडला आणि ऐटीत लिहून दिलं. थेंब स्टेरॉइडचे होते. खाज अशी थांबवतात की जादू वाटावी, डोळे दुधासारखे पांढरे होतात. पण डॉक्टर ते मोजून दिवस देतात आणि मध्ये प्रेशर पाहतात, कारण ते औषध काहींच्या डोळ्यांतलं प्रेशर वाढवतं, लहान पोरांत फार लवकर वाढवतं, आणि घरात काचबिंदू असेल तर जास्तच जपावं लागतं. हे तिनं शेकडो आयांना सांगितलं होतं. घोकून घोकून सांगितलं होतं. आणि आपल्या बापाचे डोळे त्याच ओसरीवर बसलेले असताना तिनं लिहिलं, पुन्हा खाज आली की परत.

बंडू आणि पायलला मॅडमनी समोर बसवून समजावलं. डोळ्याचा नंबर नाही. प्रेशर वाढलंय, शीर वाळलीय, डावीकडची जास्त. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली राखायची. आजपासून हे जुने थेंब बंद, नवे सुरू, आणि पुढच्या आठवड्यात नागपूरला दाखवायचं, बहुतेक ऑपरेशन लागेल. पायल मान हलवत राहिली. बंडूनं दोनदा विचारलं, "पन चश्म्यानं नाई होनार का?"

ते बाहेर गेल्यावर रमा मॅडमनी दार लोटलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कौशल्याताई, बंद करा एवढंच मी सांगितलं. का ते नाही सांगितलं. पण कारण कळल्याशिवाय ते बंद राहणार नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. खाज सुटली की ती बाई पुन्हा तीच बाटली काढेल. घरी तुम्ही सांगता, की मी सांगू?"

"मी सांगते," कौशल्या म्हणाली.

तिनं रजा टाकली आणि त्यांच्याबरोबरच निघाली. अमरावतीपर्यंत एक एसटी, तिथून वरूडची दुसरी. बडनेऱ्याच्या आधी सांगू, असं तिनं ठरवलं. मग अमरावतीच्या स्टँडवर चहा घेताना सांगू. चहा झाला. वरूडच्या गाडीत आचल खिडकीशी बसली, खिडकी तिच्या डाव्या हाताला. बाहेर रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग, ट्रॅक्टर, ट्रकमध्ये चढवायच्या पेट्या. पोरीला काही पाहायचं असलं की ती सगळी मान वळवून, नाक काचेला लावून पाहत होती. किती दिवसांपासून अशी पाहत असेल? पोरं तक्रार करत नाहीत. त्यांना वाटतं, सगळ्यांना असंच दिसतं.

बंडू मागच्या सीटवरून पुढे वाकला. त्याचे डोळे लाल झाले होते. "बाई, माहा हातच तुटाले पाह्यजे होता. पोरीले दिसून नोतं राहिलं अन म्या तिले हानलं." मग थोड्या वेळानं म्हणाला, "तू हायेस म्हनून बरं. नाईतं आमाले कोन सांगतलं असतं?"

इथे सांगायला हवं होतं. याच वाक्याला धरून सांगायला हवं होतं. कौशल्यानं तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "पानी दे जरा." माणूस किती भित्रा असतो ते त्याला बापाच्या घराकडे जातानाच कळतं. नोकरी गेली तरी तिला चाललं असतं. पण त्या घरात तिचा शब्द गेल्यावर तिथे जायचं कसं, हे तिला सुचत नव्हतं.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. नत्थुजी ओसरीवर बाजेवर बसलेले होते. पावलं ऐकून त्यांनी मान उचलली. "कौसा आली ना?" तिच्या पावलांचा आवाज ते अजून ओळखायचे. ती वाकून पाया पडली, त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि लगेच विचारलं, "चश्मा भेटला का पोरीले?"

"चश्म्याचं नाई आबा, दुसरं औषध देल्लं," पायलनंच सांगून टाकलं. तिला तेवढंच समजलं होतं, किंवा तेवढंच समजून घ्यायचं होतं. मग तिनं पर्स उघडली आणि जुनी बाटली खिडकीत तिच्या जागी ठेवली. वर लॅमिनेशनची चिठ्ठीही ठेवली.

"ते कावून ठेवून राहिली?" कौशल्याचा आवाज चिरकला.

"राहू द्या ना बाई. सध्या बंद. पन उन्हाळ्यात खाज आली तं लागन."

त्या खिडकीत दोन बाटल्यांची जागा होती. एक नत्थुजींची, एक आचलची. नत्थुजी बारा वर्षं स्वतःचे थेंब स्वतः घालत होते, सकाळी आंघोळीनंतर आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी. मनगट कपाळावर टेकवायचं, दुसऱ्या हातानं खालची पापणी ओढायची, की थेंब बरोबर डोळ्यात. आचलचं औषध सुरू झालं तसं तेही काम त्यांनी मागून घेतलं. घरात सगळे बगीच्यात राबणार, आणि आपण नुसते बाजेवर. निदान पोरीचे थेंब तरी आपण घालू. दोन्ही बाटल्या त्यांच्या बोटांना वेगळ्या कळायच्या, तरी पोरीच्या डोळ्याचा मामला आहे, चूक नको, म्हणून त्यांनी आपल्या बाटलीच्या गळ्याला करदोड्याचा काळा दोरा बांधला होता. रोज हात आधी दोऱ्यावर जायचा. दोरा लागला की ती बाजूला. बिनदोऱ्याची पोरीची.

खिडकीखाली आचलचा खेळ मांडलेला होता. थेंबांच्या रिकाम्या बाटल्या भिंतीशी ओळीनं उभ्या, आणि समोर एक केस विंचरलेली बाहुली. आचल खेळात आत्या व्हायची आणि बाहुलीच्या डोळ्यात पाणी घालायची. कौशल्यानं त्या बाटल्या मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

"दिवेलागण होऊन राहिली," नत्थुजी म्हणाले. "नवं औषध आन कौसा. आचलचे थेंब घालून घेतो."

तिनं पिशवीतून नवी बाटली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती मुठीत घेतली, अंगठा टोपीवरच्या उभ्या रेघांवरून फिरवला, मग खांद्यावरून, मग बुडावरून. हसले. "अवो बाई, ही माही बाटली देल्ली तू मले. पोरीची दे."

"ते आचलचीच हाये, बाबा."

नत्थुजी बाजेवरून उठले, चार पावलं टाकून खिडकीशी गेले, दोऱ्याची बाटली घेऊन परत आले. दोन तळहातांवर दोन बाटल्या. अंगठे दोन्हींवरून एकदमच फिरत होते, रेघा, खांदा, बूड. मग त्यांनी नखानं काळ्या दोऱ्याची गाठ सोडवायला घेतली. गाठ जुनी होती, घामानं घट्ट बसलेली, वेळ लागला. पायल हातातलं पाण्याचं भांडं तसंच धरून उभी राहिली. दोरा सुटला तसा त्यांनी तो बाजेच्या कडेला ठेवला.

"आता दोरा कायले?" ते म्हणाले. "दोन्ही एकच हायेत."

"बाबा..."

"बारा सालं झाले मले हे घालताना. हे औषध कायचं हाये ते मले ठाऊक नाई का? कौसा, तिले माह्यावानी झालं का?"

आता पळायला वाट नव्हती. कौशल्या त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि बोलली. सलग बोलली, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "हो बाबा. डाव्यातलं लय गेलं. उजव्यातलं अर्धंक हाये. अन ते आपोआप नाई झालं. ते जुन्या थेंबानं झालं. ते आठ दिवसाचे होते. पुन्हा खाज आली का परत घाला, हे म्या लिहिलं. घरात तुमाले काचबिंदू हाये हे ठाऊक असून लिहिलं. डॉक्टरले इचारलं नाई. मंग चार सालात एकदा फोन करून इचारलं नाई का बंद केले का म्हनून. पायल, ते बाटली फेकून दे. ते चिठ्ठी जाळून टाक. त्या औषधानं तुही पोरगी आंधळी होऊन राहिली."

पायलनं खिडकीतली चिठ्ठी उचलली. दोन्ही बाजूंनी पाहिली, जणू मागे आणखी काही लिहिलेलं असेल. "पन डोये तं बरे व्हायचे ना, बाई," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पांढरेशुभ्र व्हायचे. समदे म्हनायचे, तुह्या पोरीचे डोये किती साजरे." तिला चिठ्ठी फाडता येईना. लॅमिनेशन चांगलं झालं होतं. शेवटी ती खाली बसली आणि चिठ्ठी मांडीवर ठेवून रडायला लागली.

बंडू दारातच उभा होता. त्यानं बहिणीकडे पाहिलंही नाही. "अन म्या तिले मारलं," एवढं म्हणाला आणि अंगणात जाऊन पाठ करून उभा राहिला.

"घातले तं म्या ना," नत्थुजी म्हणाले. "ह्या हातानं. दिवसाचे तीन टाइम. पोरगी खेळायले पळाली तं हाका मारमारून बलावलं."

"तुमाले काय ठाऊक होतं, बाबा?"

"मले नाई ठाऊक होतं." त्यांनी तिच्या दिशेनं तोंड वळवलं. "तुले ठाऊक होतं."

त्यात राग नव्हता. त्यांनी शिवी दिली असती, हात उगारला असता, तर कौशल्यानं तो आनंदानं खाल्ला असता. पण ते साधं बोलले, संत्र्याला कीड लागली म्हणावं तसं. तिची मान खाली गेली ती वर आली नाही. त्या घरातला तिचा शब्द तिथेच, ओसरीच्या फरशीवर संपला होता, आणि तो संपायलाच हवा होता, हे तिला त्याही क्षणी कळत होतं.

तेवढ्यात आचल शेजारून धावत आली. उंबऱ्याच्या डाव्या चौकटीला तिचा खांदा आपटला. तिनं तो चोळलाही नाही, सवयीचं असल्यासारखी पुढे आली. दिवेलागण म्हणजे थेंब, हे तिला सांगावं लागत नसे. ती बाजेवर चढली, आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून उताणी झाली आणि डोळे मोठे करून पडली. न हलता. पाखरू उडून जाऊ नये म्हणून.

"घाला ना आबा."

नत्थुजींनी बाटली उचलली. मनगट पोरीच्या कपाळावर टेकवलं. चार वर्षांत न चुकलेला तो हात आज चुकला. थेंब गालावर पडला. दुसरा भुवईवर. तिसऱ्या वेळी त्यांनी हात मागे घेतला. मग म्हणाले, "ऊठ माय. उठून बस. आजपासून तू सोताच घालायचे."

"मी?" आचल खूश झाली. "खरंच?"

"मी शिकवतो ना. ही बाटली घे. पाहू नोको तिच्याकडं. डोये मीट अन हातानं हुडक. टोपीले रेघा लागल्या? ते आपलं औषध. आता मनगट कपायावर. असं. दुसऱ्या हातानं पापनी खाली ओढ. मंग डोया उघडायचा, अन बाटली दाबायची."

आचलनं डोळे मिटले. जीभ दातांत धरून तिनं टोपी चाचपली, मनगट टेकवलं, पापणी ओढली. थेंब नाकावर पडला. ती खुदकन हसली.

"पुन्ना," नत्थुजी म्हणाले. "डोये मिटूनच."

"पन आबा, डोये मिटून कावून?" आचलनं विचारलं. "मले तं दिसते ना."

नत्थुजींनी चाचपडून तिचा हात धरला आणि पुन्हा तिच्या कपाळावर टेकवून दिला.